राजूचे दात कधीच दुखत नव्हते

उशिरा लिहितोय, माफ करा. सकाळपासून तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. आठवी नापास माणूस मी.

चार महिने मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोललो.
माझ्या राजूचे दात एकदम ठणठणीत होते.

आज माझी बायको कुसुम जाऊन वर्ष झालं. आज तरी खरं सांगतो.

राजू पोलिसात ड्रायव्हर. बस्तरकडे ड्युटी. त्याच्या पुढची गाडी स्फोटात उडाली. त्याला खरचटलंसुद्धा नाही.
सगळे म्हणाले, वाचला.

घरी आला तो भिंतीला पाठ लावूनच बसायचा. आमच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या गल्लीत स्कूटर फटकन वाजली की पलंगाखाली. चौतीस वर्षांचा माणूस.
घरातला कुकर बंद झाला. कुसुम वरण पातेल्यात शिजवायची.

समता कॉलनीतला मनाचा डॉक्टर तिनेच शोधला. मी सोबत जायचो, तोंडाला रुमाल बांधून. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. कुणी विचारलं की मी सांगायचो, "दाताकडे."

शेजारचे भैया एकदा हसले. "काकाजी, चार महीने हो गए, राजू के मुंह में दांत कितने हैं?"
मीही हसलो.
राजू नाही हसला.

पुढच्या खेपेला तो आलाच नाही. गोळ्याही सोडल्या. आईला म्हणाला, "बाबा को मेरी शरम आती है."

कुसुम माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. घर बायकांनी भरलेलं. मी पडद्यामागे.
वाण देता देता ती म्हणाली, "माह्या राजूले मनाचा आजार झाला आहे. औषध चालू आहे. दाताचं काही नाही, आमचे हे उगाच भेतात."

मी पडदा घट्ट ओढून घेतला. वाटलं, आता गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही.

गुढियारीहून आलेल्या एका बाईचा नवराही बस्तरकडेच ड्युटीला. ती हळूच म्हणाली, "काकू, डॉक्टर किती वाजता बसते?"

राजू दारातच उभा होता. सगळं ऐकलं त्याने.
दुसऱ्या दिवशी त्यानेच आधी चप्पल घातली. "आई, चलो. नंबर लगाना है."

वेळ लागला. मधे पुन्हा बिघडलं, पुन्हा सावरलं.
पण एका रविवारी राजूने स्वतःच्या हाताने कुकर लावला. तीन शिट्ट्या! कुसुम लहान पोरीसारखी टाळ्या वाजवत होती. कानात बोटं फक्त मी घातली होती.

हे सगळं बघून गेली ती. राजू आता परत गाडी चालवतो. गुढियारीच्या त्या बाईचा नवरा आज कुसुमच्या फोटोला हार घालून गेला.

मी मात्र अजून भीतच होतो, हे ग्रुपवर टाकू की नको. राजू म्हणाला, "बाबा, डाल दो. मेरा नाम भी डालना."

टाकलं.

कुसुम, तू जिंकलीस. माझा नमस्कार घे.

आणि तुमच्या घरी कुणी बस्तरहून परतून भिंतीला पाठ लावून बसत असेल, तर मला कळवा. मी सोबत येतो, रुमाल न बांधता.
लवकर कळवा. मला काळजी लागून राहते.