मोठीमायचे कप्पे

देवळीच्या आमच्या दुकानात कुणी हिंग मागितला, की मोठीमाय डबा काढायच्या आधी विचारायची, "कशाले पाह्यजे?" नवखं गिऱ्हाईक बावचळायचं. हिंग मागितला तर हिंग द्यावा, चौकशी कशाला? पण लोणच्यासाठी हवा असेल तर ती मोहरीची डाळही पुढे सरकवायची, आणि लेकराच्या पोटासाठी हवा असेल तर तो पाण्यात कालवून बेंबीभोवती कसा लावायचा ते सांगायची. "माणूस वस्तूसाठी नाई येत वो," ती मला म्हणायची, "अडलं म्हणून येते."

ती माझी थोरली जाऊ. सारं गाव तिला मोठीमाय म्हणायचं, म्हणून मीही. तिचे यजमान माझ्या लग्नाआधीच वारले होते, पदरी मूल नव्हतं. दुकान माझ्या मधल्या भासऱ्यांच्या, म्हणजे यजमानांच्या मधल्या भावाच्या, हाती होतं आणि मागच्या बाजूच्या फळ्या तेवढ्या तिच्या ताब्यात. भासऱ्यांशी धाकट्या सुनेनं तोंड उघडायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. मला काही सांगायचं असलं की मी मोठीमायला सांगायचं आणि तिनं त्यांना. ती त्यांची वहिनी, तिला मोकळीक होती. तेही मी समोर उभी असताना तिलाच म्हणायचे, "तिले सांगा, चहा लई गोड झाला." दोन हजारनंतरची गोष्ट सांगते आहे, पणजीच्या काळातली नव्हे.

तिच्या फळ्यांची मांडणी पाहून भासऱ्यांचा जीव वरखाली व्हायचा. गूळ गुळाजवळ नाही, खोबरं खोबऱ्याजवळ नाही. एक फळी बाळंतिणीची, तिथं डिंक, आहळीव, खारीक, सुंठ आणि गूळ. एक लग्नघराची, तिथं सुपारी, हळकुंडं आणि पुन्हा गूळ. मयतीची फळी सगळ्यात खाली, फडक्यानं झाकलेली, म्हणजे आलेल्या माणसाला चारचौघांत काही मागावं लागू नये. "वहिनी, माल मोजाचा कसा मी?" भासरे ओरडायचे. ती म्हणायची, "तुमाले वर्षातून एकदा मोजाचा हाय भाऊजी, लोकाईले रोज लागते."

पुढे बिलांसाठी दुकानात कॉम्प्युटर आला. लग्नाआधी मी त्याचा कोर्स केला होता, तो इतकी वर्षं पोळ्या लाटण्यात मुरला होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती डाळ निवडत सांगायची आणि मी टाइप करायचे. असा आमचा ब्लॉग सुरू झाला. वीस-पंचवीस लेख झाल्यावर एकदा तिनं पडद्याकडे रोखून पाहिलं. "हे सारं एकाखाली एकच राहीन काय? शोधणारीनं शोधावं कसं?" मी सांगितलं, कप्पे करता येतात, त्यांची नावं वरच्या पट्टीत दिसतात, नावावर दाबलं की तेवढेच लेख उघडतात. आणि मोठ्या हुशारीनं सुचवलं, गोड, तिखट, औषधं. तिनं नाक मुरडलं. "हे आपल्या सोयीचं झालं. तिच्या सोयीचं कर."

मग तिनं नावं दिली. 'पाहुणे दारात आले'. 'घरात बाळंतीण आहे'. 'सासरचा पहिला महिना'. 'लेकरू जेवत नाही'. डिंकाच्या लाडवाचा लेख दोन कप्प्यांत घालायला लावला, जसा गूळ दोन फळ्यांवर. सगळ्यात शेवटचं नाव सांगताना ती डाळीच्या सुपातून नजर न काढता म्हणाली, "'एकट्याचं जेवण'. हे पयलं ठेव."

आमच्या घरात पंधरा ताटं व्हायची, पण मोठीमायचं पान रोज सगळे उठल्यावर, चुलीपाशी, एकटीचं. त्या कप्प्यातला पहिला लेख होता 'एका वाटीचा गोळाभात'. गोळाभात म्हणजे आमच्याकडे पंगतीचा पदार्थ. एकट्यासाठी तो कुणी रांधत नाही. तिनं लिहून घेतलं, मूठभर तांदूळ, डाळीच्या भरड्याचे तीन गोळे, वरून फोडणीचं तेल, आणि खाली बसून ताटात वाढून घ्या, पातेल्यातून खाऊ नका. त्या लेखाला जितकी उत्तरं आली तितकी कशालाच आली नाहीत. पुलगावला नोकरीसाठी राहिलेला एक मुलगा, बायको गेलेले एक गुरुजी, परदेशातली एक मुलगी. मी वाचून दाखवायचे. "एवढे लोक एकटे जेवतेत काय वो?" ती पुन्हा पुन्हा विचारायची. तिला इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं.

ब्लॉग खूप लोक पाहतात हे भासऱ्यांच्या कानावर गेलं, आणि ज्याला ते बायकांचं खूळ म्हणत होते ते एकाएकी दुकानाची इज्जत झालं. नागपूरहून वेबसाइटवाला आला. दुकानाची वेबसाइट होणार, लेख तिच्यात जाणार. वरच्या पट्टीतली नावं वाचून भासरे उडालेच. "दुकानाच्या दारातच एकट्याचं जेवण? लोक म्हणतीन, या घरात मयत झाली." मयत झालीच होती, त्यांच्या सख्ख्या भावाची, पण ते मी म्हणायचं कुणाला?

मोठीमाय कधी कुणाकडे काही मागत नसे. त्या दिवशी मागितलं. "बाकी सारे कप्पे काढून टाका भाऊजी. हा एक राहू द्या वरतं."

"राहीन की वहिनी. कुठं जाते?" भासरे म्हणाले.

उद्घाटनाला कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. वरच्या पट्टीत होतं: मुख्य पान, आमचा माल, ऑफर, आमच्याविषयी, संपर्क. मोठीमायनं मला हळूच विचारलं, "माहा कप्पा कुठं हाय?" मी शोधत शोधत पानाच्या तळाशी गेले. तिथं बारीक अक्षरात 'इतर' लिहिलं होतं. त्यात तिचे सगळे लेख एकावर एक ओतलेले, बाळंतिणीच्या लाडवाखाली मयतीच्या घरी न्यायची खिचडी. "ढीग घातला म्हणजे दुकान होते काय वो?" एवढंच ती म्हणाली. त्यानंतर ती त्या कॉम्प्युटरपाशी बसली नाही. मी विनवलं, नवा ब्लॉग काढू म्हटलं. तिनं नकारार्थी मान हलवली आणि डाळ निवडत राहिली.

दोन वर्षांत ती गेली. तेराव्याला भासरे ढसाढसा रडले, आणि खरं सांगते, मला त्यांची चीड आली. पुढे वाटणी झाली, दुकानात मधोमध भिंत उभी राहिली. इकडे आम्ही, तिकडे ते. आमच्या घरचं पाणीही त्यांना चालेना. त्यांची बायको लेकाकडे पुण्याला गेली ती नातवाला सांभाळायला तिथंच राहिली.

एका दुपारी यजमान माल आणायला गेले होते आणि भासरे आमच्या गल्ल्यापाशी येऊन उभे राहिले. सांगायला मध्ये तिसरं कुणी नव्हतं. ते तराजूकडे पाहत म्हणाले, "वहिनीचा तो गोळाभात... कॉम्प्युटरवर सापडून नाई राह्यला."

मी डोक्यावरचा पदर सारखा केला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहून बोलले.

"कशाले पाह्यजे?"

"एकट्यासाठी," ते म्हणाले.

मोठीमाय असती तर तिनं आधी त्यांना बसायला सांगितलं असतं, कदाचित भातही टाकला असता. मी मोठीमाय नाही.

"'इतर'मध्ये पाहा," मी म्हटलं, "सगळ्यात खाली."