आसरेचा नारळ

पेपरात माझं नाव पहिल्यांदा आलं ते माझ्याच नाटकाच्या परीक्षणात. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. ते कात्रण मी डिग्रीच्या फाइलमध्येच लावलं, त्यात लाजायचं काय?

नाटकाचं नाव 'आसरा'. युद्धातून पळालेली एक बाई परक्या देशात राहू द्या म्हणून सरकारी खिडकीपुढे बाकावर बसते. साहेब तेच ते प्रश्न विचारतो, ती उत्तरं देते. तासभर एवढंच. गाणं नाही, रडारड नाही. आमच्या बाजारात थंडीत स्वेटर विकायला तिबेटी बाया बसतात. त्यांतली एक म्हातारी कधी 'घरी जाते' म्हणायची नाही, 'कँपात जाते' म्हणायची. नाटक तिथून निघालं.

आमच्या नागपूरकडच्या गोरेगावात एका सभागृहात दुपारचा प्रयोग लावला. मायनं गल्लीत सांगून ठेवलं होतं, "पोरीनं आसरेवर नाटक केलं." आमच्याकडे आसरा म्हणजे पाण्यातली देवी. बाया हळदकुंकू घेऊनच आल्या. पडदा उघडायच्या आधी एकीनं स्टेजच्या कडेला नारळ ठेवला. तो उचलायची माझी हिंमत झाली नाही.

थोड्या वेळानं मागून आवाज आला, "देवी कवा येते वं?"

"थे बाकावर बसली, थेच असंन."

"मंग अंगात काऊन नाही येऊन राहिली?"

हशा पिकला. हळूहळू अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. माय मात्र शेवटपर्यंत बसली, तोंडाला पदर लावून. मग बायांसोबत ऑटोनं निघून गेली. नटमंडळी बससाठी धावली. बाक शाळेचा होता, तो मी एकटीच ओढत परत नेऊन ठेवला.

घरी आठवडाभर माय नाटकाबद्दल एक शब्द बोलली नाही. मीही विचारलं नाही, पण तिच्या मागेमागे फिरायची. चुलीपाशी, अंगणात.

मग परीक्षण आलं. नागपूरच्या समीक्षकानं नाटकाला कमालीचं संयत म्हटलं होतं. शेवटपर्यंत न फुटलेला नारळ हे त्यानं मीच योजलेलं प्रतीक धरलं. बाईला आश्रय मिळाला की नाही हे न सांगणं त्याला धाडसाचं वाटलं. शेवटी लिहिलं होतं, स्थानिक प्रेक्षकांना नाटक पेललं नाही.

"वाच ना वं, काय लिवलं," माय म्हणाली. ती सुपात तांदूळ निवडत होती. मी सगळं वाचलं. शेवटचं वाक्यही गाळलं नाही.

"पेललं नाही मंजे?"

"समजलं नाही."

"काऊन नाही समजलं?" तिनं मान वर केली नाही. "साहेब तिले तीनदा नाव विचारते. तिसऱ्या येळी थे हळूच सांगते, आपलंच नाव चुकलं असंन वानी. तुह्या दाखल्यापायी मीबी तशीच बसली होती हापिसात."

हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्या समीक्षकाच्याही नाही. मला वाटलं, आता ती चांगलं म्हणेल.

"मंग? भेटला का तिले आसरा?"

"ते मी लिहिलंच नाही, माय."

तिचा हात सुपात थांबला. "तिले तिथंच बसवून आली तू?"

कात्रण माझ्या हातात होतं. धाडसाचं वाक्य मी पुन्हा वाचून दाखवलं नाही.