चार स्टिकचा गोल

या जगात आमच्या गोलकीपरनं स्वतः तपासल्याशिवाय खरी मानलेली एकही गोष्ट नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे त्याला मान्य आहे, पण तेही आपल्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, धुऱ्यावरून रोज दिसतो म्हणून. ढगाळ दिवशी तो याबद्दल काही बोलायला तयार नसतो. एका दुकानातून घेतलेली साखर तो दुसऱ्या दुकानात नेऊन तोलून घेतो, आणि दोन्ही वजनं जुळली तर दोघे दुकानदार आपसात मिळालेले आहेत असं म्हणतो. बसवर आमगावची पाटी असली तरी ड्रायव्हर, कंडक्टर आणि एखादा प्रवासी अशा तिघांना वेगवेगळं विचारतो. तिघांचं उत्तर सारखं आलं की चढतो, पण बसतो दाराजवळच.

मी गोंदियात एका राईस मिलमध्ये हिशेब लिहितो. संशय हा माझ्याही धंद्याचा भाग आहे, पण आमच्या गोलकीपरपुढे मी अगदीच भोळा माणूस ठरतो. कॉलेजच्या हॉकी संघात तीन वर्षं तो गोलमध्ये उभा राहिला आणि मी त्याच्या समोर, फुल बॅक म्हणून. तेव्हापासून तो मला ‘बॅक’ म्हणतो. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर माझं नाव छापलेलं पाहूनसुद्धा त्यानं सवय बदलली नाही. ‘नाव कोणी बी काही बी सांगते,’ तो म्हणाला, ‘तू बॅक होता हे मी माह्या डोळ्यानं पाहिलं.’ आता हे सगळं लिहायला बसलो त्याचं कारणही त्याचे डोळेच. ज्याचा आपल्या डोळ्यांशिवाय कशावरच विश्वास नाही, त्याचेच डोळे या हिवाळ्यात जायला लागले होते.

पण आधी त्याचा खेळ सांगायला हवा. आमच्या संघात धावणारे चांगले होते, मारणारेही बरे होते, पण बाहेरच्या कॉलेजांत चर्चा व्हायची ती आमच्या गोलकीपरचीच. त्याची उडी काही फार मोठी नव्हती, पायही जड होते. त्याचा सगळा खेळ संशयावर चालायचा. एकदा समोरच्या संघात एक फॉरवर्ड होता. डावीकडे दाखवून उजवीकडे मारण्यात त्याचं नाव होतं. मला चकवून तो एकटा आमच्या गोलसमोर आला. त्यानं डावीकडे दाखवलं, आमचा गोलकीपर हलला नाही. उजवीकडे दाखवलं, तरी हलला नाही. पुन्हा डावीकडे दाखवलं. शेवटी आपल्याला खरोखर कुठे मारायचं होतं हेच त्या बिचाऱ्याला आठवेना, आणि त्यानं चेंडू सरळ याच्या पॅडवर हाणला. सामना संपल्यावर आम्ही विचारलं, तो कुठे मारणार हे तुला कसं कळलं? ‘मले काही नाही कळलं,’ तो म्हणाला. ‘मी त्याच्या एकाही गोष्टीवर विश्वासच नाही ठेवला.’

विश्वास तर तो माझ्यावरही ठेवत नसे. मी त्याचा गोल वाचवायला समोर उभा आहे, ही गोष्ट तीन वर्षांत त्याला पटली नाही. मी चेंडू अडवायला सरकलो की मागून ओरड यायची, ‘बाजूले हो, बॅक! दिसून नाही राहिलं.’ मी एकदा चिडून म्हणालो, ‘अबे, तुझ्याचसाठी उभा आहे मी.’ त्यावर तो म्हणाला, ‘मग मले बॉल दिसू कायले नाही देत? काही लपवून राहिला का?’ मैदानाच्या काठावरच्या पोरांना ती ओरड इतकी पाठ झाली होती की मी बाजारात दिसलो तरी ती मागून ‘बाजूले हो, बॅक’ म्हणत. मी लगेच सरकत असे. पायांना सवयच लागली होती.

चहाची गोष्ट अशीच. कॉलेजबाहेरच्या टपरीवर आम्ही बाकावर बसायचो, तो स्टोव्हपाशी उभा राहायचा. पाणी कोणत्या बादलीतलं, दूध कोणत्या पातेल्यातलं, गाळणी धुतली की नुसती झटकली, हे सगळं बघून झाल्याशिवाय कपाला हात लावत नसे. दुसऱ्या कोणी आणून दिलेला चहा त्यानं कधी घेतला नाही. हाफ टाइमला सगळे मीठ लावलेलं लिंबू चोखत, तेव्हा तो घरून आणलेलं लिंबू स्वतः चिरायचा. त्यातली अर्धी फोड मला द्यायचा आणि मी खाल्ल्यावर थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहायचा. मग स्वतः खायचा.

पॅड कोणी सोडून नेईल या धास्तीनं तो त्यांना अशा गाठी मारायचा की त्या शिकायला विणकराकडे गेला असावा असं वाटे. भंडाऱ्याच्या एका सामन्यात मैदान ओलं होतं. दोऱ्या भिजून फुगल्या आणि सामना संपल्यावर गाठी त्याच्याही हातून सुटेनात. कापायला तो तयार नव्हता. शेवटी दोन्ही पायांना पॅड बांधूनच तो पॅसेंजरमध्ये चढला, आणि गुडघे वाकत नसल्यामुळे समोरच्या बाकावर पाय पसरून बसला. एका म्हातारीनं हळहळून विचारलं, ‘बाबू, दोनो पैर टूट गए क्या?’ हा म्हणाला, ‘क्यों? आपको किसने बताया?’ आणि गोंदिया येईपर्यंत तो त्या म्हातारीवर नजर ठेवून होता.

त्याची खरी परीक्षा मात्र आमच्याच मैदानावर झाली. त्याची स्टिक छत्तीस इंची होती. गोल बारा फुटांचा, म्हणजे बरोबर चार स्टिकचा. प्रत्येक सामन्याआधी तो एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत स्टिक आडवी ठेवत जायचा आणि चौथी स्टिक खांबाला टेकली की मगच उभा राहायचा. लोक हसायचे, त्याला त्याचं काही नसे. त्या वर्षी दसऱ्याला आमच्या मैदानावर रावण उभा केला होता. त्यासाठी एका बाजूच्या गोलचे खांब उपटले होते आणि नंतर चौकीदारानं ते अंदाजानं पुन्हा रोवले होते. दिवाळीआधी शेवटचा सामना आला. जिंकलो तर ढाल आमची. त्या दिवशी तो उशिरा पोचला, त्यामुळे त्याला आपल्या वाट्याचा एकच गोल मोजायला वेळ मिळाला. हाफ टाइमला आम्ही एका गोलनं पुढे होतो. बाजू बदलल्या. हा दुसऱ्या गोलमध्ये गेला, खाली बसला आणि स्टिक ठेवू लागला. चौथी स्टिक मावेना. गोल एक वीत कमी होता.

आमचा कॅप्टन शहरातला, धावत आला. ‘अबे, कम है तो अच्छा है ना. अपना गोल है. चुपचाप खड़ा रह.’

‘आज कमी केला,’ हा म्हणाला, ‘उद्या जास्त करतीन.’

‘किसने किया? रावण के टाइम पे निकाला था, बस.’

‘तेच तं. रावणाच्या नावावर काही बी करतात.’

आणि त्यानं हात वर करून अंपायरला बोलावलं. खेळ थांबला. चौकीदार लोखंडी पहार घेऊन आला, खांब उपटला, वीतभर सरकवून पुन्हा रोवला. ह्यानं पुन्हा चार स्टिक मोजल्या आणि मान हलवली. त्यानंतर समोरच्यांनी बरोबरी केली ती नेमकी त्या वाढवलेल्या वितेतून. चेंडू त्याच्या हाताला चाटून खांबाच्या आतून गेला. मग दुसराही गोल झाला आणि ढाल गेली. कॅप्टन पुढे महिनाभर त्याच्याशी बोलला नाही, आणि हा मला म्हणायचा, ‘कॅप्टन बोलून नाही राहिला. काहीतरी शिजते.’ चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला त्यानं एकच सांगितलं: ‘गोल चार स्टिकचा असते. आपला असो की त्यायचा.’ तेव्हा आम्हाला त्याचा राग आला होता. पण पुढे मिलमध्ये वजनाचा वाद निघाला, की दोन्ही बाजू एकाच काट्यावर तोलणारा माणूस म्हणून मला आठवायचा तो तोच.

कॉलेज संपलं. तो बिरसीकडच्या आपल्या गावी धानाची शेती करू लागला. लग्न ठरलं तेव्हा मुलगी फोटोतलीच आहे ना, हे बघायला तो मला घेऊन दोनदा गेला. वहिनींना हे माहीत आहे. त्या म्हणतात, ‘भाऊजी, यांचा विश्वास बसायची वाट पाहिली असती तं मी अजून माहेरीच असती.’ त्याच्या शेतावरून बिरसीच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकणाऱ्या मुलांची छोटी विमानं घिरट्या घालतात. गावात सगळ्यांना त्याची सवय झाली आहे, पण हा बांधीत उभा राहून मोजतो. जितकी गेली तितकी परत आली पाहिजेत. एखादं कमी आलं तर संध्याकाळी मला फोन. ‘बॅक, एक नाही आलं. पेपरात काही हाये का?’ दुसऱ्या दिवशी ते यायचं, आणि ते कालचंच आहे की दुसरं, यावर पुन्हा फोन.

त्याच्या डोळ्यांचं कळलं तेही असंच. या हिवाळ्यात त्याचा फोन आला. ‘बॅक, एक विमान गेलं अन् दोन आले.’

मी म्हटलं, दुसरं बाहेरून आलं असेल.

‘नाही ना. दोन्ही एकमेकाले चिकटून उडून राहिले. असं कोणी शिकवते का?’

आठवडाभर त्याचा संशय विमानावर होता. मग वहिनींनी पाहिलं की अंगणात बांधलेली एकच गाय तो दोनदा मोजतो आहे. तपासणीत मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, आणि उजवा पार पिकलेला. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं स्पष्ट सांगितलं, ‘काका, अब रुकना ठीक नहीं. उशीर केला तर उजवा डोळा हातचा जाईल.’ हा ऑपरेशनला तयार नव्हता.

वहिनींनी मला बोलावलं. डॉक्टरांच्या खोलीत तो हाताची घडी घालून बसला होता, अगदी पेनल्टी स्ट्रोकच्या आधी असायचा तसा.

‘लेन्स नवाच हाये कशावरून?’

डॉक्टरांनी बंद डबी दाखवली. ‘सील है, काका. तिथेच फोडते.’

‘माह्यासमोर?’

‘समोरच. पण तुमचे डोळे तर झाकलेले असतील ना.’

‘तेच तं विचारून राहिलो.’

वहिनी खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. ‘भाऊजी, हे तसंच राहू द्या म्हणतात. दुरुस्त नाही झाला तं आहे तेवढं बी जाईन म्हणतात. इकडे रात्री विहिरीकडे जाताना मी यांचा हात धरते, अन् हे मले विचारतात, तू कुठं नेऊन राहिली?’

मी त्याला म्हटलं, ‘बघ, आत्ता तुला मी दिसतो का?’

त्यानं मान पुढे काढून डोळे बारीक केले. ‘आवाज तुहाच हाये,’ तो म्हणाला. ‘चेहरा नाही सांगता येत.’ मग म्हणाला, ‘तू उभा राहशीन का? आत नाही तं दाराशी. पण बसजो नको. समोर उभा राहजो.’

डॉक्टरांनी मान डोलावली. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराला हातभर काच होती, तिच्यामागे मी उभा राहिलो. शेजारी रिकामा बाक होता. थोड्या थोड्या वेळानं दार उघडायचं आणि सिस्टर डोकं बाहेर काढून विचारायची, ‘बॅक कौन है? खड़े हो क्या?’ मी हो म्हणायचो. तिसऱ्यांदा ती हसायला लागली. ‘पूछ रहे हैं, बैठे तो नहीं.’ ज्या माणसाला माझ्यामुळे काही दिसत नाही अशी तीन वर्षं तक्रार होती, त्याला आता काहीच दिसत नव्हतं, आणि मी समोर उभा हवा होतो.

उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून त्याला बाहेर आणलं. डाव्यानं धुकं दिसत होतं. मी फाटकाबाहेर जाऊन चहा घेऊन आलो आणि कप त्याच्या हातात दिला. तो प्यायला. कुठला, कोणी केला, पाणी कसलं, काही न विचारता सगळा प्यायला आणि रिकामा कप माझ्याकडे धरला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर म्हणत होत्या की ऑपरेशन छान झालं, पण तो रिकामा कप हातात घेऊन मला वाटलं, हा माणूस कुठेतरी हरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. डॉक्टरांनी त्याला खुर्चीवर बसवलं, पट्टी सोडली, डोळा पुसला. मी समोरच उभा होतो. त्यानं डोळा मिचकावला, उघडला, पुन्हा मिटला. मग माझ्याकडे पाहिलं: आधी बुटांकडे, मग गुडघ्यांकडे, मग हळूहळू वर चेहऱ्यापर्यंत.

‘म्हातारा झाला बे तू,’ तो म्हणाला.

वहिनींनी पदर तोंडाला लावला.

‘अन् कालचा चहा कुठचा होता?’

‘फाटकाबाहेरचा. टपरीचा.’

‘पाणी?’

‘माठातलं. गाळणी धुवून घेतली होती. मी स्टोव्हपाशी उभा होतो.’

‘मले माहीत होतं,’ तो म्हणाला, आणि मान वाकडी करून माझ्या मागे पाहू लागला. भिंतीवर अक्षरांची पाटी होती आणि डॉक्टर त्याला वरची ओळ वाचायला सांगत होत्या. ‘आता बाजूले हो, बॅक. दिसून नाही राहिलं.’

मी बाजूला झालो. त्याच्या समोरून सरकायला मला इतका वेळ कधीच लागला नव्हता.