झोपलेलं हॅम

थंड जागेत ठेवलेली वस्तू नासत नाही, म्हणून साचत जाते. आमच्या बियाण्यांच्या लॅबमध्ये किस्से असेच साचलेत. बाहेर जालन्याचं ऊन रणरणत असतं आणि आत कोल्डरूममध्ये कपाशी, तूर, मिरची गाढ झोपलेली असते. 'झोपलंय' हा आमचा रोजचा शब्द. थंडीत बी मरत नाही, झोपतं. कोल्डरूम सांभाळणारे सखाराम मामा तर आत गेले की हळू आवाजात बोलतात! दिवसभर अशा सोबतीत राहिलं की आपणही अर्धे स्वप्नात असल्यासारखं वाटतं. मग चहाला बाहेर आलो की कुणीतरी एखादा किस्सा काढतं. बरेचसे हॅमचे!

हॅम म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस; असतं कच्चंच, खाताना शिजवायचं. ते आमच्यात आणलं लॅबच्या प्रमुख फिलोमिना मॅडमनी. त्यांचं माहेर वसईचं. दर नाताळाला त्यांची आई घरी हॅम करायची आणि मॅडम ते बर्फाच्या डब्यात घालून जालन्याला आणायच्या.

*

पहिल्याच वर्षी मॅडम स्टँडवरून थेट लॅबमध्ये आल्या. तिथून लगेच त्यांना मंठ्याला बियाण्याचा प्लॉट बघायला जायचं होतं. नव्यानं लागलेल्या संतोषच्या हातात हॅमचं पुडकं देऊन म्हणाल्या, "हे जरा थंडीत ठेव रे."

संतोषनं नेमकं जर्मिनेटरमध्ये ठेवलं! जर्मिनेटर म्हणजे बी उगवून बघायचं कपाट. दिसतं फ्रीजसारखं, घुंई आवाजही तसाच, पण आत उबदार आणि दमट. दुसऱ्या दिवशी दार उघडलं आणि सगळी लॅब नाक धरून बाहेर!

मॅडमनी पुडकं उघडून बघितलं. मग म्हणाल्या, "बी असतं तर आज मोड आले असते रे!"

तेव्हापासून हॅम स्टँडवरून सरळ मॅडमच्या घरी जाऊ लागलं.

*

सखाराम मामा मेंढपाळाच्या घरचे. मटणाचं ताट समोर आलं की मान वर करत नाहीत, पण डुकराचं नाव काढलं की तोंड वाकडं. मॅडम एकदा चहाला सांगत होत्या, "लहान लहान पाकिटं करून फ्रीजरमध्ये ठेवायची. लागेल तेवढंच काढायचं. एकदा वितळलं की परत गोठवायचं नाही."

मामांनी कपाळाला हात लावला. "आमच्यात बकरं सकाळी पडतं, दुपारी संपतं. ठिवायचं कशाला?"

"आणि उरलं तर?"

"मंग पाव्हणे कमी बोलावले म्हनायचं!"

*

एका नाताळाला मॅडमनी आमच्याकडेही थोडं पाठवलं. माझी बायको सुनंदा वडीगोद्रीची. तिनं मोठ्या मानानं फ्रीजच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवलं, खाली दही. मॅडम सहज घरी आल्या, फ्रीज उघडलेला दिसला आणि ओरडल्याच, "अगं, कच्चं मांस खाली ठेवायचं! झाकणाच्या डब्यात!"

सुनंदाला राग आला. "मॅडम, पाव्हण्याला कोनी खाली बसवतं का?"

मॅडम म्हणाल्या, "हा पाव्हणा गळतो, ताई."

दही टाकून द्यावं लागलं. पण आमच्याकडे आजही कच्चं मटण आलं की सुनंदा विचारते, "पाव्हणा गळका हाय का?"

*

मॅडमकडे मांसात खुपसायचा थर्मामीटर आहे. पहिल्यांदा बघितला तेव्हा मामा स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणाले, "ताप हाय का त्याला?"

"यायलाच पाहिजे, मामा! आतपर्यंत ताप आल्याशिवाय आपण खायचं नाही."

*

मग मॅडमची आई गेली. शेवटच्या नाताळाचं एक पाकीट मॅडमच्या फ्रीजरमध्ये राहिलं. ते त्यांच्यानं शिजवणं होईना, टाकणं तर नाहीच. आम्ही कुणी घरी गेलो की त्या फ्रीजरच्या दारावर हात ठेवून म्हणायच्या, "आईचं झोपलंय आत." दुपारच्या त्या शांत स्वयंपाकघरात फ्रीज घुमत असायचा आणि मलाही वाटायचं, आत खरंच कुणी झोपलंय.

लाईट गेली की संतोष लगेच फोन करायचा, "मॅडम, दार उघडू नका!" मामाही मागून ओरडायचे, "उघडून बघू नका म्हणावं, बिलकुल न्हाई! बघितलं की जागं व्हतं."

*

यंदा उन्हाळ्यात मॅडम वसईला गेल्या होत्या आणि इकडे वादळ झालं. विजेचे खांब आडवे. मॅडम परत आल्या त्या दिवशी सामान उचलायला मामा, संतोष आणि मी गेलो होतो. लाईट अजून नव्हतीच. मॅडमनी पिशवी खाली टाकली आणि आधी फ्रीजर उघडला.

पाकीट मऊ पडलं होतं.

मग सखाराम मामांनी पुढे होऊन पाकिटाला बोट लावलं, डुकराच्या पाकिटाला! "थोडं गार वाटून राह्यलं, मॅडम."

"चांगला ताप आणू," संतोष म्हणाला. "शिजवून टाकू आजच."

मी वास घेतला. "वास तर काही नाही."

मॅडमनी मान हलवली. "कधी उठलं ते आपल्याला माहीत नाही. वासावरून कळत नसतं." लॅबमध्ये ज्या मालाचा मागचा हिशोब लागत नाही तो त्या पास करत नाहीत, मग कुणीही रदबदली करो. "रिजेक्ट," त्या म्हणाल्या आणि तिथेच फरशीवर बसल्या. मला फार वाईट वाटलं. आईच्या हातचं एवढंच उरलं होतं.

ते कचऱ्यात टाकायला कुणाचा हात होईना. शेवटी मामांनीच पाकीट दोन्ही हातांनी उचललं आणि मागच्या अंगणात नेलं. शेवग्याजवळ कुत्र्यांना उकरता येणार नाही एवढा खोल खड्डा घेतला. मांस आत ठेवलं, माती ओढली, बी पेरल्यावर आम्ही सगळेच थापतो तशी तळहातानं हलकी थापली. ऊन उतरत होतं. मॅडम पायरीवर उभ्या होत्या.

मामा उठले, हात झटकले आणि कोल्डरूममध्ये बोलतात त्या आवाजात विचारलं, "मॅडम, पानी घालू का?"

मॅडम म्हणाल्या, "घाला मामा. बेतानं घाला."