होडीचा उरलेला रंग
ऑइलपेंटचा वास आला की मुरूडच्या कोळीवाड्यातली ती निळी, पिवळी, एकमेकांना चिकटलेली जुनी घरं आठवतात. ही घरं जपावीत म्हणून ‘वारसा वाचवा’ अशी पत्रकं घेऊन आम्ही काही कॉलेजची मुलं तिथे दारोदार फिरत होतो. रांगेतलं एकच घर पोपडे आलेलं होतं. दारात सुकट निवडणाऱ्या बाईंना मी फटकन म्हणालो, “मावशी, तुमच्यामुळे अख्खी रांग वाईट दिसते. रंग का नाही देत?” त्या म्हणाल्या, “होडी रंगवून उरतो तोच रंग आमी घराला लावतो, पोरा. नव्या जेट्टीत होडी लावायची जागा गेली, होडी इकली. आता काय लावू, तुझा कागद?” शेजारणी हसल्या, मावशी हसल्या नाहीत. भिंतींसाठी आम्ही गठ्ठाभर पत्रकं छापली होती, आणि जेट्टीत त्यांचा किनारा गेला तेव्हा एकही काढलं नव्हतं. याची मला आजही लाज वाटते.