अनोळखी बरगड्यांची खिडकी

बरोबर तीनला अण्णा आमच्या घरात शिरायचे. दार वाजवणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. चपला बाहेर, धोतराचा सोगा हातात, आणि थेट पश्चिमेच्या खिडकीपाशी. मग तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा पालथा हात ते एकेका काचेला लावायचे, सहाच्या सहा काचांना, आणि काहीतरी पुटपुटत मान हलवायचे. मी तेव्हा नुकती कुठे आडवी झालेली असायची. घरमालकाने रोज भरदुपारी येऊन आपल्या खिडकीचा ताप बघणं किती वैतागाचं असतं, ते ज्यांनी भाड्याच्या घरात दिवस काढलेत त्यांनाच कळेल.

बंगलोरच्या मल्लेश्वरममधल्या त्या घराचा वरचा मजला आम्ही साठ-एकसष्टच्या सुमाराला घेतला. आमचे हे विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर, पुण्याहून नवीन आलेले. अण्णांचं घराणं तीनशे वर्षांपासून इकडचं. मराठीच बोलत, पण त्यात कानडी पार मुरलेलं. मी चोवीस वर्षांची आणि ते साठी उलटलेले, तरी मला म्हणायचे 'अक्का'. मी एकदा हरकत घेतली, तर म्हणाले, "सरी अक्का, नाही म्हणत." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

सरकारी बागेतल्या काचघरात काचा बसवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. त्यामुळे की काय, त्यांना घरात प्रत्येक गोष्टीची धास्ती. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, मोरीत कढत पाणी ओतायचं नाही, जिन्यात कुंडी ठेवायची नाही. "बेडा अक्का, बेडा," एवढंच. सरी म्हणजे बरं आणि बेडा म्हणजे नको, हे कानडी मी त्यांच्याकडूनच शिकले, आणि दिवसातून दहादा शिकले.

अशात सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसरा डोळा आधीच गेलेला, म्हणजे होता तो एवढाच. डॉक्टरांनी बजावलं, उजेड टाळा, धक्का बसता कामा नये. खोली तर पश्चिमेची, खाट खिडकीखालीच, आणि दिवस उन्हाळ्याचे. पडदा लावला की सासूबाई रुसायच्या, कारण त्यांना रस्ता दिसायला हवा. तेव्हा ह्यांनी एक शक्कल लढवली. इस्पितळात ओळख काढून एक्स-रेच्या जुन्या फिल्म्स आणल्या आणि एक अख्खा रविवार खर्चून सगळ्या काचांवर डिंकाने चिकटवल्या. खोली छान निळसर काळोखी झाली. पलीकडचा रस्ता अंधुक दिसायचा. फक्त कुणा अनोळखी माणसाच्या बरगड्या मध्ये यायच्या. "बिचारा कोण असेल गं?" सासूबाई विचारायच्या. "बरा झाला असेल ना?"

त्या दिवसापासून अण्णांची तीनची फेरी सुरू झाली. पहिल्याच दिवशी वरच्या रांगेतल्या उजव्या काचेवर बोट टेकवून त्यांनी मला बसवून समजावलं.

"हे काळं ऊन पितंय, अक्का. मधली काच तापते, फुगते. कडेची लाकडात नि पुट्टीत दडलीय, ती गारच. मग दोघींचं भांडण लागतं. धड काच असेल तर सोसेल. हिचा कोपरा बघा, दात पडलाय. ही नाही सोसायची."

"म्हणजे फिल्म लावूच नये का कुणी?"

"तसं कुठं म्हटलं? उत्तरेला लावा. पूर्वेला पातळ लावा. इथं स्वल्प थांबा. फिल्म काढा, मी काच बदलतो, बाहेरून तट्ट्या टांगतो."

तट्ट्याने रस्ता झाकला जाणार, म्हणून सासूबाई नाही म्हणाल्या. एका काचेसाठी रविवारची सगळी मेहनत उखडायला हे नाही म्हणाले. शिवाय ह्यांनी आलेखाच्या कागदावर हिशेब मांडून, काच फुटणं शक्य नाही असं सिद्ध केलं. अण्णांनी तो कागद मन लावून पाहिला. "सायबांनी काच छान काढलीय," म्हणाले, "चौकट राहिली." हे त्यावर खूप हसले. खिळ्याला आणि कुंडीला बेडा म्हणणाऱ्या माणसाचं हेही एक बेडा, असं धरून आम्ही ते सोडून दिलं.

पण अण्णा सोडणारे नव्हते. आठवडाभराने त्यांनी नवंच काढलं. काचा चाचपून झाल्या की सासूबाईंना म्हणायचे, "आजी, खाली सोंगट्या मांडल्यात." की निघाल्या सासूबाई. अण्णा त्यांचा हात धरून, एकेक पायरी मोजत खाली न्यायचे आणि मागच्या पडवीत पाचपर्यंत खेळवायचे. दान अण्णाच मोजून सांगत, आणि ते लबाडी करतात असा सासूबाईंना पक्का संशय. माझा जीव मात्र टांगणीला. त्या जिन्यावर पाय घसरला असता तर? एकच डोळा, तोही ताज्या टाक्यांचा. मी गोड बोलून पाहिलं, आडून पाहिलं, ह्यांना मध्ये घातलं. "सरी, सरी," म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी तीनला हजर.

शेवटी माझा तोल गेला. "अण्णा, तुमचा रिकामा वेळ जावा म्हणून माझ्या सासूबाईंनी आंधळं व्हायचं का? उद्यापासून तीनला आमच्या घरात पाऊल टाकू नका."

त्यांचा चेहरा उतरला. वरच्या उजव्या काचेला त्यांनी पुन्हा एकदा पालथा हात लावला. मग "सरी," म्हणून निघून गेले. मला वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी तीनला खालून, अंगणातून हाक आली. "आजी, सोंगट्या मांडल्यात."

घरात पाऊल काही टाकलं नव्हतं. सासूबाई भिंत धरत निघाल्या. मी चरफडत त्यांना जिन्याने खाली पोचवलं, वर आले आणि रागारागाने भांडी घासत बसले. चौथ्या दिवशीही तेच चाललं होतं. तेवढ्यात खोलीतून खाडकन आवाज आला.

वरची उजवी काच त्या मोडक्या कोपऱ्यापासून तिरकी तडकली होती. खालचा लांब, टोकदार तुकडा जुन्या पुट्टीतून निसटून, अर्धी बरगडी घेऊन, सासूबाईंच्या उशीत उभा रुतला होता. उशीवर त्यांच्या डोक्याचा खळगा तसाच होता.

मी खाली कशी उतरले, आठवत नाही. पडवीत सासूबाई कवड्या खुळखुळवत होत्या. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

"उजव्या कोपऱ्यातून?"

मी मान हलवली.

"सरी," ते म्हणाले. "आजी, तुमचं दान."

त्या प्रकाराबद्दल ते आयुष्यात पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. पुढे काही वर्षांनी अण्णा गेले, तोवर मी रोज वाट बघितली. एकदा तरी टोमणा मारला असता, तर मला माफी मागायला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी फिल्म्स उखडल्या आणि तीनच्या आधी दार उघडून बसले. तीनला नेहमीसारखी खालून हाक आली, सासूबाईंना मी पोचवून आले. सव्वातीन झाले, साडेतीन झाले, अण्णा काही वर येईनात. पाऊल टाकू नका म्हटलं होतं ना, मग टाकणार नाहीत. हट्टी माणूस. शेवटी मीच पडवीत गेले.

"अण्णा, वर चला. काचा बघून घ्या."

"स्वल्प थांबा, अक्का," मान वर न करता ते म्हणाले. "आजी जिंकतायत."

मी पायरीवर बसले. डाव संपायला पाच वाजले.