न हसलेली नणंद

नव्या छत्रीच्या कापडाचा वास आला की मला मुलुंडच्या आमच्या चाळीतली ती दुपार आठवते. माझं लग्न होऊन वर्षच झालं होतं. नणंद सावकाश बोलायची, चारजणी हसल्या तरी ही गप्पच असायची, म्हणून सगळी चाळ तिला खुळी म्हणे, आणि तेवढ्यावरून तिची दोन स्थळं मोडली होती. तिसरं आलं ते मालवणकडच्या माणसांचं. मुलाच्या मामांनी चहा बशीत ओतत विचारलं, "सिनेमा बघतेस का गं?" ती म्हणाली, "परवाच बघितला, वहिनीबरोबर." तो मामांनीही पाहिला होता. त्यातला नोकर मालकाची नवी छत्री भिजू नये म्हणून ती सदऱ्यात लपवतो आणि स्वतः चिंब भिजत घरी येतो. "काय खुळा तो! हसून हसून वाट लागली असेल ना तुझी?" "नाही हसले." सासूबाईंनी कपाळाला हात लावला. नणंद खाली बघत म्हणाली, "छत्रीला जप, असं त्याला सगळे सांगत असतील. तू स्वतःला जप, असं कोणी सांगितलंच नसेल." मामांनी बशी खाली ठेवली. मुलाची आई उठून तिच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "शहाण्यांचो आमच्या घरात तोटो नाय. ह्यां चेडू आमका व्हया!" मी दाराआडून ऐकत होते. तिच्याच शेजारी बसून तो सिनेमा पाहताना मी पोट धरून हसले होते, आणि आज इतक्या वर्षांनीही वाटतं, तिला सुचलं ते मला कधीच सुचलं नसतं.